धाबळीचा कठडा

श्रीवर्धन
आश्विन वद्य पंचमी, १९५७

वन्सं,

पत्राच्या डोक्यावर शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असं चौथीत मास्तरांनी शिकवलं होतं. मी लिहीत नाही. साष्टांग घालायला आडवं व्हावं लागतं, आणि ह्या वयात मी आडवी झाले तर उठवायला घरात आहे कोण? एक मोरू. तो बैल. आणि तो रहाटाला जुंपलेला. तेव्हा उभ्यानेच नमस्कार घ्या.

रामचंद्राचं कार्ड आलं. तुम्ही पडलात, खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून निजवून ठेवलंय, असं लिहितो. तीन वर्षांत पालीहून आलेली ही पहिली बातमी. तुम्हाला लिहिता येत नाही, कबूल. पण तुमचा हा भाचा शाळेत मास्तर आहे, त्याला तर येतं ना? कधी एक ओळ सांगितली नाहीत त्याला. असो. आता हे पत्रही तोच वाचून दाखवणार. रामचंद्रा, साधं वाच रे बाबा, कविता म्हणू नकोस.

कशा पडलात ते त्याने लिहिलं नाही. मीच सांगते. पहाटे आंघोळ केलीत. अंगावर ओलेतं, त्याचं पाणी खाली फरशीवर गळतंय, काखेत देवाची कळशी, दुसऱ्या हातात तांब्या, आणि कोणी शिवेल म्हणून अंग चोरून भराभरा निघालात. बरोबर ना? रामचंद्रा, तोंडाकडे बघ त्यांच्या. ओठ दुमडले असले तर बरोबर.

मला कसं कळलं म्हणाल, तर इथेही तेच चाललंय. आपल्या आळीच्या बावीच्या पायऱ्या आठवतात ना, खाली पाण्यापर्यंत गेलेल्या? यंदा पाऊस लांबला आणि शेवाळ इतकं माजलं की पाय ठेवला की पाय पुढे आणि आपण मागे. ठमाकाकूंनी मनगट मोडून घेतलं. वरच्या आळीच्या आजी गणपतीत पडल्या त्या उठल्याच नाहीत. दसरा बघायच्या आधीच गेल्या.

आणि दवाखान्यातली ती केसर, तुमची नावडती, ती आता घरोघर फिरते. ताप विचारत नाही, खोकला विचारत नाही. विचारते, "आजी, ह्या वर्षात पडलात का? कुठे? हातात काय होतं?" सगळ्या म्हाताऱ्यांचं उत्तर एकच. बावीवर. दोन्ही हातांत भांडी. ती म्हणते, एक हात रिकामा ठेवा. त्यावर ठमाकाकू म्हणाल्या, "रिकाम्या हाताने विहिरीवर जायला मी काय पाहुणी आहे?"

केसरचं नाव काढलं म्हणून पत्र फेकायला सांगू नका. तिला मी माजघरात बसवलं, आपल्या कपातून चहा दिला, आणि तुम्ही म्हणालात, "कपबशी फेकून दे, नाहीतर मी जाते." मी ती धुऊन फळीवर ठेवली आणि तुम्ही गेलात. रेवदंड्याची कोळ्याची पोर माझ्या पायातला पू काढते, तिला चहा द्यायचा नाही? अजून येते ती. अजून त्याच कपात पिते. हे मी बदलणार नाही, तुम्हीही बदलणार नाही. पण त्यासाठी हाड मोडून घ्यायची काही गरज नव्हती.

संध्याकाळी सोंगट्या मांडते. तुमच्या बाजूनेही मीच खेळते. तुम्ही रोज हरता.

कुमुद


श्रीवर्धन
कार्तिक शुद्ध नवमी

वन्सं,

उत्तर नाही. चालेल. मोरूही उत्तर देत नाही, तरी मी त्याच्याशी बोलतेच.

रामचंद्राने मात्र चोरून दोन ओळी टाकल्यात. आत्या खात नाहीत, भिंतीकडे तोंड करून निजतात, आता उठणं नाही म्हणतात, असं लिहितो. हे चालायचं नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करायचं, तर मी भांडायचं कोणाशी?

आता ऐका. हे माझं सांगणं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवायची, रहाट कसा फिरतो तशी, न थांबता. मग पिशव्या काढल्या की बसायचं, खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून. एकेक गुडघा सरळ करायचा, वर धरायचा, मनात "गणपती" म्हणायचं, सोडायचा. दुखलं तर थोडं दुखू द्यायचं. फार दुखलं तर माझ्या नावाने शिव्या द्यायच्या.

रामचंद्रा, आता पुढचं मनात वाच. हे मी कुठून आणलं हे त्यांना सांगू नकोस. मी दवाखान्यात जाऊन केसरला विचारलं. तिने बाकावर बसून पाय हलवून दाखवले आणि माझ्याकडून करून घेतले. म्हणाली, डॉक्टरांना विचारून मगच उठवा, पण निजवून निजवून माणूस जातं, हाडाने जात नाही. तेव्हा तू रोज त्यांच्यापाशी बस. आत्या ओरडल्या तरी बस. आता पुन्हा मोठ्याने.

हवा चांगली आहे, वन्सं. सुपारी यंदा बरी आहे.

बावीची गंमत ऐका. केसर पंचायतीच्या मागे लागली, पायऱ्यांना धरायला कठडा करा म्हणून. केला. चांगला जाड बांबू, वरपासून पाण्यापर्यंत. आपल्या रहाटावरच्या रावजीने वाडीतलाच तोडून दिला. आम्ही दोघांनी नारळाच्या सोडणांनी पायऱ्याही खरवडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम जाऊन बसले, कोण कोण धरतंय बघायला. आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या आल्या. एकीने हात लावला असेल तर शपथ. कठड्यापासून वीतभर लांब, पदर सावरत, पहिल्यापेक्षा जास्त घाबरत उतरल्या. आधी कडेने जायच्या, त्या आता कठड्याला अंग लागेल म्हणून मधून चालायला लागल्या. आणि पायऱ्या मधेच झिजून गुळगुळीत.

केसर बिचारी आली, तिला वाटलं बांबू हलतो की काय. हलवून बघितला. मी म्हटलं, "बांबू पक्का आहे गो. बांबूला गावाचा हात लागतो. ह्या सोवळ्यात असतात. ह्यांनी तो धरायचा म्हणजे आंघोळ फुकट, पाणी फुकट, परत उतरा." तिने बांबूवरून हात काढून घेतला. मग म्हणाली, "काकू, हे मला शिकवताना कोणी सांगितलं नाही."

तुम्ही इथे असता तर तुम्हीही धरला नसतात. माहीत आहे मला.

कुमुद


श्रीवर्धन
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

वन्सं,

हे पत्र ऐकण्याआधी रामचंद्राने तुमच्या हाताजवळची फेकण्याजोगी भांडी उचलून ठेवावी.

तुम्ही जाताना वळणीवर एक धाबळी विसरलात. लाल काठाची, लोकरीची, सोवळ्यात नेसायची, तुमची आवडती. तीन वर्षं ती तिथेच होती. मी काढली नाही. वळणीखालून जाताना वर बघायचं अशी सवय लागली होती, आणि वर बघत चालल्याने उंबऱ्याला ठेच. केसरचं ऐकायचं तर पडायचं कारण म्हणून तीसुद्धा काढायला हवी होती.

ती मी काढली. आणि फाडली.

थांबा. ओरडू नका. एकेका हाताची पट्टी केली, आणि बावीच्या बांबूला खालून वर गच्च गुंडाळत आणली, सुतळीने मधे मधे आवळली. मग बावीवर उभी राहून म्हटलं, "लोकरीला विटाळ नाही. धाबळी कधी ओवळी होत नाही, हे तुम्हीच मला नवी नवरी असताना शिकवलंत. आता धरा."

सगळ्या बघत राहिल्या. ठमाकाकूंना तर कीस काढल्याशिवाय चैन नाही. हात गळ्यात अडकवलेला, तरी पुढे. "लोकर सोवळी, ते मान्य. पण आत बांबू आहे त्याचं काय?"

मी म्हटलं, "काकू, तुमच्या धाबळीच्या आत तुम्ही असता. तुम्ही होता ना सोवळ्या? मग बांबूने काय पाप केलंय?"

"आणि त्या नर्सचा हात लागला असेल तर?"

"घोंगडीवर आल्यागेल्याला बसवता ना? ती धुता का रोज?"

बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. ठमाकाकूंनी आधी एक बोट लावलं, कढत तवा बघावा तसं. मग हात टेकला. मग, वन्सं, त्या धरून उतरल्या. खाली जाऊन वर बघून म्हणाल्या, "कुमुद, ऊब आहे गो." लोकर हाताला घसरतही नाही, ओली झाली तरी. हे मला आधी सुचलं नव्हतं, आयतं मिळालं.

आता कोणी कठड्याशिवाय उतरत नाही. तुमचं नाव मात्र रोज निघतं. "वन्संची धाबळी धर," असं एकमेकींना सांगतात. ह्या आळीत आता तुम्ही माझ्याहून मोठ्या झालात, इथे नसूनसुद्धा.

एक राहिलं. लोकर पुरली नाही. वरच्या तीन पायऱ्या उघड्याच आहेत. तुम्ही जरा अंगाने भरलेल्या असता तर धाबळी मोठी असती.

पावलं हलवता ना? मी माजघरात बसून हलवते, तुमच्याबरोबर. संध्याकाळी दिवे लागताना. म्हणजे तेव्हा तुम्हीही हलवा.

कुमुद


श्रीवर्धन
पौष वद्य तृतीया

वन्सं,

अक्षर वेडंवाकडं आहे. दौत लवंडली. थंडी फार आहे. बोटं वळत नाहीत.

रामचंद्राने विचारलंय, काकू, महिनाभर पत्र का नाही? सुपारी फोडायची होती. माणसं मिळत नव्हती. मोरूही आजारी होता.

मोरू ठणठणीत आहे. कशाला त्या मुक्या जनावराला मधे घालू. मी पालथी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. पाठ टेकवत नाही. हाड मोडलेलं नाही, केसरने बघितलं, माकडहाडाला मार आहे. हसा आता. मला माहीत आहे तुम्ही हसणार.

वरच्या तीन पायऱ्यांतच पडले. लोकर नव्हती म्हणून नाही. मी काही सोवळं पाळत नाही, मला नुसता बांबूही चालला असता. कठडा होता. धरायला हात नव्हता.

आपण दोघी पाणी आणायचो तेव्हा घागर माझी आणि देवाची कळशी तुमची. तुम्ही गेलात, पण कळशी राहिली. देवाला काय सांगायचं, वन्सं रुसल्या आहेत, पाणी बंद? म्हणून रोज मी दोन्ही आणते. काखेत घागर, हातात कळशी. घरोघर जाऊन ठमाकाकूंना आणि सगळ्यांना मीच सांगत होते, एक हात रिकामा ठेवा. केसर मला तपासायला आली. नुसतं बघितलं कळशीकडे. तिला कळलं ती कोणाची ते.

घागर गडगडत खाली गेली, पाण्यात बुडाली. कळशी मी सोडली नाही. म्हणून तिला पोचा नाही, मला आहे.

उजाडत होतं. रावजी रहाटाला यायला अजून वेळ होता. आळीतल्या बायका येऊन गेल्या होत्या, मला उशीर झालेला. उठायला जमेना, तेव्हा हाक मारली. कोणाला मारली ते विचारू नका. रावजीचं नाव घ्यावं, ठमाकाकूंचं घर जवळ, त्यांना बोलवावं, एवढं डोक्यात होतं. तोंडातून "वन्सं" निघालं. मग पुन्हा तेच. घरातून कोणी ओ दिली नाही. गोठ्यातून मोरू हंबरला तेवढाच.

मग मी तशीच पडून राहिले. चिऱ्यांचा गारवा पाठीला लागत होता. वाटलं, पालीत तुम्ही पडलात तेव्हा कोणाला हाक मारलीत?

रामचंद्रा, हे वाचायला नको होतं, पण वाचलंस तर वाचलंस.

रावजीने येऊन उचलली. "काकू, हाय का जीव?" म्हणाला. मी म्हटलं, "हाय रे, आणखी कोण घेतंय तो?" तो माघी चतुर्थीला पालीला यायचा आहे, दरवर्षीसारखा. त्याच्याबरोबर थोडी रोठा सुपारी देते. तुम्ही नका खाऊ, दात नाहीत. रामचंद्राला द्या.

कुमुद


श्रीवर्धन
माघ वद्य द्वितीया, १९५८

वन्सं,

रावजी काल आला. ओटीवर बसून, पाणी पिऊन, तंबाखू मळून, मग सांगायला लागला. मेल्याला घाई ठाऊकच नाही.

म्हणाला, "काकू, मी ग्येलो तवा आत्याबाय दाराच्या चौकटीला धरून हुब्या व्हत्या. मी म्हनलो, बाय, बसा. त्या म्हनल्या, बसून कंटाळले रे."

मी म्हटलं, "उभ्या? आपल्या पायांवर?"

"आपल्याच. दुसऱ्याच्या कुटनं आनतील? जरा लंगडी बाजू हाय. पन हुब्या."

मी त्याला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला तो वैतागला.

मग त्याने गाठोडं सोडलं. आत धाबळी. दुसरी, तुम्ही पालीला नेलेली, रोज नेसायची ती. मला वाटलं, रागाने पाठवलीत. ही पण फाड, म्हणून. रावजी म्हणाला, "बाय म्हनल्या, तिला सांग, कामं अर्धवट सोडायची खोड काय ग्येली न्हाय. वरच्या तीन पायऱ्या कोन करनार? आनि येक कळशी सोडली असती तर मरत व्हती का, तेपन इचार."

"आणखी काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, मास्तर वाचता वाचता मधीच गप व्हतो, तवा मी वळखते, आता त्या नर्सचं आलं. तर तिला इचार, हुबी राह्यले. आता पुढं काय?"

म्हणजे कार्तिकापासून तुम्हाला माहीत होतं. आणि पावलं हलवत होतात. केसरच्या सांगण्यावरून, रोज. आणि मी इथे खुशाल समजत होते की मी तुम्हाला फसवते आहे.

केसरला तुमचा निरोप सांगितला. ती चहा पीत होती. कप खाली ठेवला आणि म्हणाली, आता चालायचं. आधी खाटेपासून दारापर्यंत, रामचंद्राचा हात धरून. मग काठीने, काठी चांगल्या पायाच्या बाजूला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि तिने विचारलं, "पालीच्या घराला पायऱ्या किती आहेत?" मी म्हटलं, "त्या कशाला मोजायच्या? इथल्या मोज."

रामचंद्रा, ही ओळ गाळू नकोस. आता काही गाळायचं नाही.

आज धाबळीच्या पट्ट्या केल्या. फाडताना हात जरा थांबला. तिला तुमचा वास होता, कापराचा आणि शेगडीच्या धुराचा. बायका जमल्या. ठमाकाकूंनी सुतळी धरली, त्यांचं मनगट आता वळतं. दोन पायऱ्या झाल्या. अगदी वरची, जिथे बाव संपते आणि आपल्या मागच्या दाराची वाट लागते, ती मी केली नाही. पट्टी ठेवली आहे. वळणीवर, काठीने टाकून, सोवळ्यात. ठमाकाकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी कशाला ठेवतेस, गुंडाळून टाक." मी म्हटलं, ज्यांना माझी अर्धवट कामं खुपतात त्यांनी येऊन पुरं करावं.

माजघरात केसर असेल. कप तोच असेल. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका, ती आत येणार नाही. तुम्हा दोघींच्या मधल्या उंबऱ्यात मी बसेन. उंबरा सुताराकडून कमी करून घेतलाय, तुमच्या पायासाठी.

आणि कळशी. ती आता मी आणत नाही. चिंचेने घासून तुमच्या जागेवर पालथी ठेवली आहे. देवाला घागरीतलं पाणी चालतं, त्याने तक्रार केलेली नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, मला तेवढंच बोलायला कोणीतरी.

बावीवर जाते तेव्हा काखेत एक घागर. दुसरा हात रिकामा ठेवते.

कुमुद